आधी माती तपासा, मग प्लॅन पास करा

बंद कारखान्याच्या जागेवर टॉवर उठायचा असला की पत्र्याच्या कुंपणाआत आधी बोअरिंगचं मशीन येतं. ६३.५ किलोचा ठोकळा पाऊण मीटरवरून पुन्हापुन्हा आदळतो, पाइप खाली जातो, आणि वर आलेली माती, मुरूम, दगडाचे गोल तुकडे लाकडी पेट्यांत ओळीनं मांडले जातात. पेटीच्या कडेला मार्करनं खोली लिहिलेली असते. काही दिवसांत ‘सॉइल रिपोर्ट’ तयार होतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या टेबलावर जातो. ही जमीन इमारतीचा भार पेलेल का, एवढंच त्या रिपोर्टात असतं. त्याच मातीत शिसं आहे का, क्रोमियम आहे का, जमिनीखालच्या टाकीतून वर्षानुवर्षं झिरपलेलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग-ग्रीस विरघळवणारं रसायन, आहे का, हे त्यात नसतं. ते शोधायचं तर नमुना वेगळ्या पद्धतीनं घ्यावा लागतो. तो लगेच काचेच्या बरणीत घट्ट बंद करून बर्फाच्या पेटीत ठेवतात आणि थेट प्रयोगशाळेत नेतात. उन्हात उघड्या पडलेल्या पेटीतून सॉल्व्हंट केव्हाच उडून गेलेलं असतं.

माझी मागणी एका ओळीची आहे. कारखान्याची जमीन घरं, शाळा, दवाखाना किंवा बाग यांसाठी वापरायला परवानगी देण्याआधी तिची प्रदूषणासाठी तपासणी झाली पाहिजे, ती सरकारी पैशानं झाली पाहिजे आणि तिचा अहवाल कोणालाही वाचता आला पाहिजे. सफाईचा खर्च ज्यानं घाण केली त्याच्याकडून वसूल करावा, तो सापडत नसेल तर पुढचा मार्ग वेगळा ठरवावा. पण जमिनीत काय आहे हे शोधण्याचं काम सरकारचं आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राइतका तातडीचा देशात फार थोड्या राज्यांत असेल. मुंबईतल्या ५८ गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. १९८२ चा संप, मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आणि तिच्यातला तो प्रसिद्ध नियम ५८, एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्या नियमाचा अर्थ बदलला, भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००६ मध्ये निकाल लागला. इतक्या वर्षांच्या लढ्यात कोणाला किती जमीन मिळणार यावर रान उठलं, आणि ते उठायलाच हवं होतं. पण जी जमीन मिळणार ती कशी आहे, हा मुद्दा कधी ऐरणीवर आला नाही. गिरणी म्हणजे नुसता कापूस आणि माग नव्हे. तिथे रंगखातं होतं, ब्लीचिंग होतं, बॉयलर होता आणि बॉयलरच्या कोळशाची राख होती. वाफेच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं लेपन असे. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल होतं. ज्या कामगारांनी तीस-तीस वर्षं कापसाची धूळ फुप्फुसात घेतली, त्यांच्याच वारसांना त्या जमिनीच्या वाट्यातून घरं मिळाली. त्या घरांखालच्या मातीबद्दल त्यांना कोणीतरी दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या.

गिरण्यांचं ते होऊन गेलं. आता तेच ठाण्यात पोखरण रोड, कोलशेत, घोडबंदरला चाललंय, मुंबईत विक्रोळी-भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि तिकडे पिंपरी-चिंचवडला. जिथे रंग, औषधं, केबल, यंत्रांचे सुटे भाग बनायचे, तिथे आता पोडियम, क्लबहाऊस आणि चाळीस मजले आहेत. या जागा विषारी आहेत असं मी म्हणत नाही. कित्येक ठिकाणी तपासणी झाली तर काहीही निघणार नाही, आणि तसं निघालं तर तिथे राहणाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. काही मालकांनी स्वतःहून तपासणी आणि सफाई केलीही असेल. पण तो कागद त्यांच्या कपाटात आहे. फ्लॅट घेणाऱ्याला तो पाहायला मिळत नाही.

बिल्डर मंडळी या बदलाला ‘आय टू आर’ म्हणतात, म्हणजे इंडस्ट्रियलचं रेसिडेन्शियल. त्यासाठी कागद कमी लागतात असं नाही. बंद कारखान्याची जमीन असेल तर कामगारांची देणी चुकती केली आहेत असं कामगार आयुक्तांचं ना हरकत पत्र लागतं. ही अट चांगली आहे, ती लढून मिळालेली आहे. वकील जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. खोदकामाची माती प्लॉटबाहेर न्यायची तर तहसीलदार कार्यालयात ब्रासच्या हिशेबानं रॉयल्टी भरावी लागते आणि वाहतूक पास घ्यावा लागतो. म्हणजे या जमिनीचा मालक कोण होता हे आपण तीस वर्षं मागे जाऊन शोधतो आणि तिच्यातून किती ब्रास माती निघाली तेही मोजतो. तिच्यावर काय बनत होतं आणि त्या मातीत काय आहे, हे मात्र त्या फायलीत कुठेच येत नाही. डंपर भरून निघालेली ती माती खाडीकाठच्या भरावात जाते, भिवंडीकडच्या एखाद्या शेतात जाते, दुसऱ्या कुठल्या प्लॉटच्या जोत्यात जाते. घाण असलीच तर ती एका जागेची दहा जागी होते.

यावर कोणी म्हणेल की पर्यावरण मंजुरी असते ना. असते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला ती घ्यावी लागते, आणि मंजुरीच्या पत्रांत माती व भूजलाचे नमुने तपासून जड धातू झिरपत नाहीत याची खात्री करावी अशी छापील अटही बहुधा असते. पण मंजुरी मिळाल्यानंतर पाळायची ती अट आहे, तिचे नमुने बिल्डरच घेतो, ते कुठून आणि किती घ्यायचे हे तोच ठरवतो. लोखंडावर जस्ताचा मुलामा द्यायची गॅल्व्हनायझिंगची टाकी प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात होती आणि नमुना नैर्ऋत्येच्या गेटजवळून घेतला, तर अहवाल स्वच्छच येणार. २०,००० च्या खालच्या बांधकामाला तर तेवढंही नाही. आणि इलेक्ट्रोप्लेटिंग, बॅटरी, ड्रायक्लीनिंग, पेट्रोल पंप ही घाण बहुतेक वेळा लहान प्लॉटवरच असते.

अमेरिकेनं हे कसं हाताळलं ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यांनी आधी मोठी चूक केली आणि मग त्यातून वाट काढली. नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल कंपनीनं एका जुन्या कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा एक डॉलर घेऊन शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. पुढे तळघरांत रसायनं वर यायला लागली आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. लव्ह कॅनॉल ते हेच. त्यातून १९८० चा सुपरफंड कायदा आला. त्या कायद्यानं जबाबदारी इतकी कडक केली की जुना कारखाना जो विकत घेईल त्याच्यावरही ती येऊ लागली. झालं असं की शहरांच्या मध्यावरच्या जुन्या जागांना कोणी हात लावेना. खरेदीदार म्हणे, काय निघेल कुणास ठाऊक, त्यापेक्षा गावाबाहेरची शेतजमीन घेऊ. विक्रेता म्हणे, तपासलं आणि काही निघालं तर माझ्याच गळ्यात पडेल. जागा वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी राहणारी माणसं बहुतेक गरीब होती.

नव्वदीच्या दशकात पर्यावरण संरक्षण संस्थेनं आधी प्रायोगिक तत्त्वावर आणि मग २००२ च्या कायद्यानं पक्कं करून एक गोष्ट सुरू केली. नगरपालिकांना, आदिवासी जमातींच्या शासनांना, पुढे सामाजिक संस्थांनाही, निव्वळ तपासणीसाठी अनुदान. जागांची यादी करा, कागद धुंडाळा, नमुने घ्या, इथे घरं होऊ शकतात की गोदाम की काहीच नाही ते ठरवा, आणि लोकांना बोलावून सांगा. त्याच कायद्यानं ज्या खरेदीदारानं व्यवहाराआधी रीतसर चौकशी केली त्याला जुन्या मालकाच्या पापापासून संरक्षण दिलं. याचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. तिथे माहिती असणं फायद्याचं झालं. आपल्याकडे माहिती नसणं फायद्याचं आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला कोणी काही विचारत नाही, आणि ज्यानं तपासून घेतलं त्याच्या प्रकल्पाला मात्र अडथळा येतो. ही उलटी रचना जोवर आहे तोवर कितीही प्रामाणिक बिल्डर असला तरी तो तपासणीच्या वाटेला जाणार नाही. आणि मी त्याला दोषही देणार नाही, दोष रचनेचा आहे.

चीननंही २०१९ पासून लागू झालेल्या माती प्रदूषण कायद्यात निवासी वा सार्वजनिक वापरासाठी जमिनीचा वापर बदलताना मातीचं सर्वेक्षण सक्तीचं केलं. त्याआधी चांगचौ शहरात जुन्या रासायनिक कारखान्याच्या शेजारी एक शाळा हलवली गेली आणि शेकडो मुलं आजारी पडल्याची बातमी २०१६ मध्ये देशभर गाजली होती.

तपासणीचा खर्च बिल्डरनं का करू नये, प्रदूषण करणाऱ्यानं का करू नये, असं मला नेहमी विचारलं जातं. जनतेच्या पैशानं कारखानदारांच्या चुका का निस्तरायच्या? हा राग मला पटतो. पण निस्तरायच्या नाहीत, शोधायच्या आहेत. घाण कुठे, किती आणि कोणाच्या काळातली हे ठाऊक असल्याशिवाय ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरावं’ हे तत्त्व कागदावरच राहतं. न्यायालयात पुरावा लागतो, आणि प्लॉटवर जेसीबी फिरून बेसमेंट खणून झालं की पुरावा डंपरमधून निघून गेलेला असतो. शिवाय ज्याच्या पैशानं अहवाल होतो त्याच्याच मालकीचा तो राहतो. सल्लागार कंपनीला पुढचं काम त्याच बिल्डरकडून हवं असतं. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याला या पेचात घालणंच चूक आहे.

आणि पुष्कळ जागांना विचारायला मालकच उरलेला नाही. कंपनी अवसायनात गेली, बँकांनी थकबाकीसाठी जमीन विकली, कामगार थकलेल्या देण्यांसाठी दारोदार फिरले. तमिळनाडूत राणिपेटला क्रोमियमची संयुगं बनवणारा कारखाना नव्वदीच्या दशकात बंद पडला आणि दीड लाख टनांहून जास्त क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर सोडून गेला. तिथलं भूजल पिवळं झालं. तो खर्च शेवटी सरकारच्याच अंगावर आला, फक्त पंचवीस-तीस वर्षं उशिरा आणि कैक पटींनी जास्त.

मुंबई-ठाण्यात जमिनीचा भाव इतका आहे की तपासणीचा खर्च त्यात दिसणारही नाही. पण अंबरनाथ, इचलकरंजी, सोलापूर इथल्या अर्ध्या एकराच्या बंद प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, काय? तिथे तो खर्च व्यवहार मोडायला पुरतो. मग ती जागा तशीच पडून राहते, किंवा न तपासता विकली जाते.

यातली सगळ्यात मोठी झळ ज्यांना लागते त्यांचा उल्लेख या चर्चेत जवळजवळ होतच नाही. फ्लॅटधारक चाळीसाव्या मजल्यावर राहतो, त्याच्या आणि मातीच्या मध्ये काँक्रीट असतं. त्याला धोका पोहोचण्याच्या वाटा मोजक्या आहेत. टँकर परवडत नाही म्हणून सोसायटीनं मारलेली बोअरवेल ही एक, आणि बेसमेंटमध्ये साठणारी वाफ ही दुसरी. सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला जे ट्रायक्लोरोइथिलीन वापरत, ते मातीतून वायुरूपात वर येतं. पण इमारत उभी राहायच्या आधी तीन-चार वर्षं त्याच प्लॉटच्या कडेला लेबर कॅम्प असतो. पत्र्याच्या खोल्या, खाली तीच माती. बायका त्याच प्लॉटवरच्या बोअरच्या पाण्यानं भांडी घासतात, आंघोळी होतात. रांगणारं मूल ती माती हाताला लावतं आणि हात तोंडात घालतं. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूवर होतो, हे वैद्यकशास्त्रानं केव्हाच सिद्ध केलं आहे. बिहार, झारखंड, मराठवाड्यातून आलेल्या त्या कुटुंबांना ना अहवाल दिसतो, ना ते पुढे कुठे गेले याचा कोणी माग ठेवतं. काम संपलं की ते दुसऱ्या साइटवर जातात. त्यांचं मूल शाळेत मागे पडलं तर त्याचा संबंध या प्लॉटशी कोणीही जोडणार नाही.

खोदकामाच्या काळात धोका कुंपणाबाहेरही जातो, हे इंग्लंडमधल्या कॉर्बीनं दाखवून दिलं. तिथलं पोलादाचं काम १९८० मध्ये बंद झालं, नगर परिषदेनं ती जमीन साफ करायला घेतली, आणि विषारी गाळ व धूळ भरलेल्या उघड्या गाड्या वर्षानुवर्षं गावातून फिरल्या. हातापायांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या कुटुंबांनी दावा लावला आणि २००९ मध्ये उच्च न्यायालयानं नगर परिषदेला जबाबदार धरलं. काम सरकारी होतं, हेतूही चांगला होता. म्हणूनच सरकारी पैशानं तपासणी म्हणजे सरकारी खात्याला मोकळं रान असं मी म्हणत नाही. नमुने कुठे घेतले तो नकाशा, प्रयोगशाळेचा मूळ आकडा, सगळं उघड पाहिजे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर जमिनीच्या मालकीचा अहवाल लावावा लागतोच. त्याच्या खाली मातीचा अहवाल लावायला नवा कायदा लागणार नाही.

केंद्रानं जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. ते बऱ्याच उशिरा आले, पण आले हे चांगलं झालं. त्यानुसार स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि त्यापुढे सविस्तर सर्वेक्षण. त्यावेळी देशभरात १०३ प्रदूषित जागा निश्चित झालेल्या होत्या आणि सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. आता कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकेनं ही यादी कोणाच्या जिवावर करायची? तिच्याकडे त्यासाठी भूरसायनतज्ज्ञ नाही, स्वतंत्र निधी नाही. काम लावून दिलं आणि पैसे दिले नाहीत तर सहा महिन्यांनी ‘निरंक’ असा अहवाल जाईल. ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं. स्थानिक परिषदांवर प्रदूषित जागा शोधण्याची कायदेशीर जबाबदारी आजही आहे, पण तिथल्या केंद्र सरकारचं अनुदान गेल्या दशकात बंद झालं आणि शोधमोहिमा थंडावल्या.

पैसा नाही असं कोणी म्हणू नये. वाढीव एफएसआयच्या, म्हणजे जास्तीचं बांधकाम करू देण्याच्या, प्रीमियममधून राज्य आणि महापालिका दरवर्षी मोठी रक्कम घेतात. कारखान्याच्या जमिनीवर जो प्रीमियम मिळतो त्यातला लहानसा हिस्सा याच कामासाठी राखून ठेवता येईल. भोपाळनंतर १९९१ च्या कायद्यानं जो पर्यावरण मदत निधी तयार झाला, त्यात कारखान्यांच्या विमा हप्त्याबरोबर आलेले शेकडो कोटी रुपये वर्षानुवर्षं पडून राहिले. शिवाय तपासणीचा पहिला टप्पा बराचसा कागदी असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं, एमआयडीसीच्या प्लॉटच्या फायली, कारखाना निरीक्षकांकडचे नकाशे. हे सगळं सरकारच्याच कपाटांत आहे. ते एकत्र लावून पाहिलं तर कुठे बोअर मारायचा आणि कुठे मारायची गरजच नाही हे निम्म्याहून अधिक कळतं.

सुरुवात डोंबिवलीपासून करावी. तिथे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ च्या स्फोटात माणसं गेली, पुन्हा मे २०२४ मध्ये गेली. सरकारनं २०२२ मध्येच १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचं ठरवलं होतं. ते कधी हलतील ते हलोत, पण हलले की मागे उरणारी जमीन शहरातली, मोक्याची जमीन आहे. तिच्यावर कोणाकोणाचा डोळा आहे हे सांगायला नको. स्थलांतराच्या प्रत्येक कागदावर प्लॉट सोडण्याआधी माती आणि भूजलाची तपासणी ही अट आजच घालावी, आणि तिच्यासाठी पैसे येत्या अर्थसंकल्पात वेगळे काढावेत. अनामत रक्कम कारखान्यांकडून घ्यावी आणि घाण निघाली तर त्यातून वळती करावी.

जे कागदावर नाही ते विचारून घ्यायला हवं. १९८५ साली टाकी फुटली तेव्हा माल कुठे वाहून गेला, रात्रपाळीत पिंपं कुठे रिकामी होत, जुना नाला कुठून वळवला आणि त्यावर कोणती शेड बांधली, हे ऑपरेटर, फिटर आणि फोरमन यांनाच माहीत असतं. अमेरिकेतल्या तपासणीत अशा जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती हा पहिल्या टप्प्याचा रीतसर भाग आहे. आपल्याकडची ती पिढी आता सत्तरीत, ऐंशीत आहे. त्यांना बोलतं करायला बोअरिंगचं मशीन लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. वॉर्ड ऑफिसमधला एक माणूस, प्लॉटचा जुना नकाशा आणि प्रत्येकाबरोबर दोन तास, एवढ्यावर हे काम पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकतं.